आयबीएमच्या ताळेबंदात ग्राहकांकडचं येणं वेगवेगळ्या ओळींत का दाखवतात?

तुमचे प्रश्न दोन आहेत. आयबीएमच्या ताळेबंदात 'ट्रेड रिसीव्हेबल्स' आणि 'फायनान्सिंग रिसीव्हेबल्स' अशा वेगळ्या ओळी कशासाठी, तेच येणं पुन्हा पुन्हा मोजल्यासारखं का वाटतं? आणि लोकांकडे अडकलेल्या पैशाला मालमत्ता कसं म्हणायचं?

लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात आमचं खतं-बियाणांचं दुकान आहे. वही आधी आजोबा लिहायचे, आता मी लिहितो. त्यामुळे सुरुवात दुकानातूनच करतो.

मृगाच्या तोंडावर एक जण सोयाबीनच्या दोन पिशव्या आणि डीएपीचं एक पोतं नेतो. म्हणतो, मोंढ्यावर तूर घातलीय, पट्टी हातात आली की देतो. ही साधी उधारी. दुसरा तेवढाच माल नेतो, पण वायदा 'सोयाबीन निघाल्यावर'चा, आणि मुदतीचं व्याज भावातच धरलेलं. इथे आपण माल विकलाच, शिवाय त्याला चार-पाच महिने पैसाही वापरायला दिला. जोखीम वेगळी, कमाई वेगळी. एकाच पानावर दोन्ही लिहिलं तर धंदा कशावर चाललाय हे मालकालाच कळणार नाही.

आयबीएमचंही तसंच आहे. एखाद्या मोठ्या बँकेने मेनफ्रेम, म्हणजे प्रचंड कामाचा मोठा संगणक, घेतला आणि बिल ठरल्या मुदतीत भरायचं ठरलं, तर ते ट्रेड. तोच मेनफ्रेम काही वर्षांच्या हप्त्यांवर किंवा भाडेपट्ट्यावर घेतला, तर ते फायनान्सिंग. त्यासाठी कंपनीचा स्वतंत्र विभाग आहे. तो आणखी एक काम करतो: वितरक आणि विक्रेत्यांना महिन्या-दोन महिन्यांसाठी पैसा पुरवतो. यातलं काही येणं कंपनी स्वतःकडे न ठेवता गुंतवणूकदारांना विकते, म्हणून 'विक्रीसाठी राखलेलं' अशी ओळ वेगळी दिसते. उरलेल्यातलं वर्षाच्या आत येणारं चालू मालमत्तेत आणि बाकीचं दीर्घ मुदतीत. तुम्हाला पुन्हा पुन्हा तेच वाटलं ते यामुळे, पण एकच रुपया दोनदा मोजलेला नाही.

आता आकडे. २०२३ अखेर आयबीएमची एकूण मालमत्ता सुमारे १३५ अब्ज डॉलर होती. त्यातले सुमारे ६० अब्ज म्हणजे गुडविल, म्हणजे दुसऱ्या कंपन्या विकत घेताना त्यांच्या देणी वजा जाता उरणाऱ्या मालमत्तेपेक्षा जास्त मोजलेली किंमत. एकट्या रेड हॅट या सॉफ्टवेअर कंपनीसाठी २०१९ मध्ये ३४ अब्ज मोजले होते. ट्रेडचं येणं सुमारे ७ अब्ज आणि फायनान्सिंगचं साडेबारा अब्जांच्या आसपास.

हे साडेबारा अब्ज आले कुठून, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्याच वर्षी कंपनीवर साडेछप्पन्न अब्ज डॉलरचं कर्ज होतं आणि त्यातलं जवळपास १२ अब्ज या विभागाच्या नावावर होतं. हा विभाग स्वतःच्या एका डॉलरमागे साधारण नऊ डॉलर कर्जाचे वापरतो. म्हणजे मालमत्तेच्या बाजूचं येणं आणि देण्याच्या बाजूचं कर्ज ही जोडी आहे. नुसतं येणं बघून 'केवढी मालमत्ता' म्हणणं चूक, आणि नुसतं कर्ज बघून 'कंपनी बुडाली' म्हणणंही चूकच.

तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो. येणं ही मालमत्ता आहे, पण ती समोरच्याच्या शब्दावर उभी असते. आजोबा ज्या पानावरची बाकी बुडेल असं वाटे त्या पानाचा कोपरा दुमडायचे. लक्ष्मीपूजनाच्या आधी दुमडलेल्या पानांची बेरीज वेगळी काढायचे आणि वर्षाच्या नफ्यातून वजा करायचे. पण दुमडायचे कधी? पाऊस गेल्यावर. २०१४ गेलं, २०१५ गेलं, एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं. त्या दोन वर्षांत जवळजवळ अर्धी वही दुमडली, आणि आधीच्या वर्षांत आम्ही जो नफा समजून खर्चून बसलो होतो तो नफा नव्हताच. माणसं खोटी नव्हती. रानात काही पिकलंच नव्हतं.

अमेरिकेत मोठ्या कंपन्याही बरीच वर्षं असंच करत होत्या: नुकसान झाल्याची चिन्हं दिसली की मग तरतूद, म्हणजे बुडेल त्यासाठी बाजूला काढायची रक्कम. २००८ च्या संकटात ही तरतूद फार उशिरा आणि फार तोकडी ठरली. म्हणून नियम बदलला आणि २०२० पासून मोठ्या नोंदणीकृत कंपन्यांना उधारी दिली त्या दिवसापासूनच, संपूर्ण मुदतीत किती बुडेल याचा अंदाज करून तेवढी रक्कम बाजूला काढावी लागते. कोपरा पेरणीलाच दुमडायचा, पान कोरं असताना. मला हा बदल मनापासून पटतो.

ताळेबंदात दिसतो तो आकडा ही तरतूद वजा करून उरलेला असतो. तरतूद किती, ते टिपांमध्ये सापडेल. कंपनीचा 'टेन-के' हा वार्षिक अहवाल अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. त्यात फायनान्सिंग रिसीव्हेबल्सची टीप काढा. अमेरिका खंड, युरोप-आफ्रिका-मध्यपूर्व आणि आशिया-पॅसिफिक असे तीन भाग दिसतील.

तिथे ९० दिवसांपेक्षा जास्त थकलेल्यांचा तक्ता आहे. एक हप्ता तेवढा थकला तरी त्या करारातली अजून बिल न झालेली रक्कमसुद्धा या रकान्यात धरतात. म्हणून आकडा मोठा दिसला तरी दचकू नका. शेजारच्या रकान्यांतले हे दोन बघा: थकलंय पण व्याज धरणं चालू आहे, आणि व्याज धरणं थांबवलंय. आपल्याकडे बँका साधारण ९० दिवसांनी कर्ज थकीत ठरवतात आणि सोयाबीनसारख्या कमी मुदतीच्या पीककर्जाला दोन हंगाम थांबतात. आयबीएमच्या या तक्त्यात मात्र कंपनी स्वतः ठरवते की कुणाचं व्याज अजून उत्पन्नात धरायचं. 'थकलंय पण व्याज चालू' हा रकाना दोन-तीन वर्षं ओळीने फुगत असेल आणि तरतूद जागची हलत नसेल, तर मी त्या भागाच्या पानावर थांबतो आणि खालची बारीक अक्षरं वाचतो.