घर मेमध्ये बघ, पण जुलै डोक्यात ठेवून

चि.,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नोकरी महाबळेश्वरात लागली आणि घर बघायला मेमध्ये येतोयस, हे कळलं. मेमध्ये इथलं कुठलंही घर पसंत पडतं. हवा गार, भिंती कोरड्या, खिडकीतून दरी दिसते. तुझी खरी गाठ पडायची आहे ती जून ते सप्टेंबरशी. वर्षाचा पाऊस साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे जातो आणि त्यातला दोन हजारांवर एकट्या जुलैत पडतो. 2021 च्या जुलैत तर चोवीस तासांत 594 मिलिमीटर झाला होता. म्हणून घराची जी काही डागडुजी असेल ती मृगाच्या आत, म्हणजे 7 जूनपूर्वी उरकायची. पाऊस लागला की माणूस मिळत नाही, आणि मिळाला तरी ओल्या पत्र्यावर त्याला चढवू नये.

इथला पाऊस नैऋत्येकडून येतो आणि आडवा येतो. त्यामुळे घरात शिरलास की आधी पश्चिमेची भिंत बघ. बाकी घर जुनाट आणि तेवढ्याच भिंतीला ताजा रंग असेल तर समजून जा. ओल दोन प्रकारची असते. वरून गळतं तिथे छताजवळ तपकिरी कडा असलेले डाग पडतात. खालून ओल चढते तिथे जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत रंगाचे पोपडे निघतात आणि पांढरं मीठ फुटतं. पहिलीवर इलाज आहे. दुसरी जांभ्याच्या भिंतीत एकदा मुरली की भाडेकरूच्या हातात काही राहत नाही. ते घर सोडून दे, भाडं कितीही कमी असो. घरमालकापेक्षा शेजारच्या बाईंना विचार, पावसात कपडे किती दिवसांनी वाळतात म्हणून. खरं उत्तर तिथेच मिळेल.

मग घराच्या मागे जा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. डोंगर कापून जागा केलेली असेल तर मागे दरडीला संरक्षक भिंत असते. तिच्यात पाणी निघायला भोकं ठेवलेली असतात, ती माती-पाल्याने बुजलेली नाहीत ना ते काडी घालून बघ. भोकं बुजली की मागे पाणी साठतं आणि त्याच्या दाबाने भिंत पोट काढते. पोट आलेली भिंत दिसली तर आत जाऊन बेसिन-बाथरूम बघायचे कष्टही घेऊ नकोस. वरच्या उतारावर आडव्या भेगा किंवा एकाच बाजूला कललेली झाडंही तेच सांगतात. सगळं ठीक असेल तर वरच्या अंगाने फूटभर रुंद, फूटभर खोल चर काढून पाणी घराच्या बगलेने खाली सोडून घे. एका गड्याचं दिवसाचं काम आहे.

छपरावर झाडाची फांदी आली असेल, विशेषतः सिल्व्हर ओकची, तर ती वाऱ्यात मोडते. पण 2001 पासून हा सगळा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, कोयता घेऊन चढता येत नाही. परवानगीचा अर्ज घरमालकाला आल्या आल्या करायला लाव.

पत्र्याचं काम डोळ्यांसमोर करून घे. पत्रा आडीला, म्हणजे छपराच्या आडव्या दांडीला, धरून ठेवणारे हुक-बोल्ट असतात, त्यांच्याखालचा वॉशर उन्हाने तडकतो आणि नेमकं तिथूनच गळतं. जुन्याला डांबर फासून भागवू देऊ नकोस, वॉशर बदलायचा. बोल्ट पन्हाळीच्या उंचवट्यावरच हवा. खोलगट भागात मारला तर वाहतं पाणी थेट भोकात जातं. दोन पत्र्यांची बाजूची जोड अशी हवी की वरच्या पत्र्याची उघडी कड वाऱ्याकडे तोंड करून राहणार नाही. उलटी बसली असेल तर वारा कड उचलतो आणि पाणी आत रेटतो. नवीन पत्रा टाकताना कामगार म्हणूनच पूर्वेच्या टोकाकडून सुरुवात करतो. तो पश्चिमेकडून लागला तर तिथेच थांबव.

पश्चिम-दक्षिणेच्या भिंतींना पूर्वी सर्रास गवताच्या झडी, म्हणजे पावसाचा मारा अडवणारे पडदे, बांधत. आता बरेच जण प्लॅस्टिकचा कागद नाहीतर पत्रे लावतात. काहीही लाव, पण भिंतीला चिकटवू नकोस. कामट्यांचा सांगाडा करून वीतभर अंतर सोड, म्हणजे मधून हवा खेळते. चिकटलेल्या कागदामागे भिंत वाळतच नाही.

आता आतलं. कापसाची गादी आणू नकोस, ती ओल पिते आणि सप्टेंबरपर्यंत तिला वास येतो. चामड्याच्या चपला, पट्टा, पाकीट यांवर आठवड्यात पांढरी बुरशी धरते. पुस्तकं आणि कागदपत्रं लोखंडी कपाटात, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे. तळाशी जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब लावतात, 25 वॅटचा पुरतो, कपड्यांना टेकू द्यायचा नाही. एलईडीचा तिथे उपयोग नाही, उब लागते.

कपडे वाळवायला लोक कोळशाची शेगडी पेटवतात. तूही पेटवशील. एक गोष्ट मात्र कान उघडे ठेवून ऐक: शेगडी पेटती असताना खिडकी थोडी तरी उघडी हवी, आणि झोपण्याआधी ती बाहेर गेलीच पाहिजे. निखारे विझल्यासारखे दिसले तरीही. बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू साठतो, त्याला ना वास ना रंग, आणि झोपलेला माणूस उठत नाही.

बेगमी फार लागत नाही, एकट्याला तर नाहीच. भरलेला जादा सिलिंडर, महिन्याची औषधं, तांदूळ-डाळ मेच्या उन्हात दाखवून घट्ट डब्यात. नळाला गढूळ पाणी आलं तर तुरटी फिरवून निवळू दे, मग उकळ.

उतरायच्या वाटा तीन. पसरणी घाटाने वाई साधारण 32 किलोमीटर, केळघर घाटाने मेढा, आणि आंबेनळीने पोलादपूर, जवळपास 40. दवाखान्यासाठी पसरणी धर. आंबेनळी जोरदार पावसात सगळ्यात बेभरवशाचा. धुक्यात दिवा डिपरवर ठेव. अप्पर लावलास तर समोर नुसता पांढरा पडदा दिसतो. उतरताना दुसरा गिअर, ब्रेकवर पाय ठेवून उतरायचं नाही. रस्त्यावर ताजे बारीक दगड किंवा एकाएकी लाल झालेलं पाणी दिसलं तर वर दरड सैल झालीय. तिच्याखाली गाडी थांबवून फोटो काढणारे असतात, त्यांच्यात जाऊ नकोस. वाहता ओढा भर पावसात अचानक बारीक झाला तर वर कुठेतरी तो अडलाय, लगेच मागे फिर. संध्याकाळी गवा आडवा आला तर हॉर्न न वाजवता उभा राहा. त्याला जायचं असतं, तो जातो.

कळावे.

ता. क. करार अकरा महिन्यांचा असेल तर त्यात एप्रिल-मे येतात की नाही ते सही करण्यापूर्वी वाच. सीझनमध्ये त्याच खोलीचे पर्यटकाकडून दिवसावर पैसे मिळतात, त्यामुळे ‘मेपुरतं जरा दुसरीकडे बघा’ असं ऐकावं लागू शकतं. आणि झडीचा, पत्र्याचा खर्च कोणाचा, तेही त्याच कागदावर लिहून घे.