फ्लॅश नॉर्मल, तरी मुलगी बघत का नाही?

प्रश्न : मुलगी १४ महिन्यांची आहे. जन्मताना उशिरा रडली. एमआरआयमध्ये मेंदूच्या मागच्या भागाला इजा दिसली, डोळे मात्र निरोगी आहेत. व्हीईपीच्या (बघताना मेंदूत उठणाऱ्या विद्युत लहरींची तपासणी) रिपोर्टवर ‘फ्लॅश : नॉर्मल’ लिहिलंय, पण ती चेहऱ्याकडे बघत नाही. रिपोर्ट चुकला का?
– एक आई, मानेवाडा, नागपूर

उत्तर : चुकलाच असेल असं नाही. फ्लॅशवरून, म्हणजे डोळ्यांसमोर नुसता प्रकाश चमकवून केलेल्या तपासणीवरून, प्रकाशाचा संदेश मेंदूपर्यंत पोचला, एवढंच कळतं. आकार दिसतो का, ते कळत नाही. मेंदूच्या इजेमुळे नीट न दिसणाऱ्या काही मुलांत फ्लॅश चांगला येतो आणि थोडंफार बघणाऱ्या काहींत येतच नाही. त्यामुळे नुसत्या फ्लॅशवर विसंबू नका.

पॅटर्न व्हीईपी करून घ्या. त्यात पडद्यावरचे काळे-पांढरे चौकोन सेकंदाला दोनदा जागा बदलतात. एकदा मोठे, म्हणजे डोळ्याशी १ अंशाचा कोन करणारे, एकदा बारीक, पाव अंशाचे. डोक्यामागच्या हाडाच्या उंचवट्याच्या थोडं वर मुख्य इलेक्ट्रोड (लहरी टिपणारी चकती) लावतात. मिळणारा प्रतिसाद जेमतेम काही मायक्रोव्होल्टचा, मेंदूच्या इतर लहरींत बुडालेला. म्हणून किमान ५० नोंदींची सरासरी काढतात. मुलीची नजर पडद्यावरून हटली की टेक्निशियनने नोंद थांबवायलाच हवी. नाहीतर कंटाळलेल्या मुलीचा आलेखही सपाट येतो. ‘लक्ष कितपत होतं’ हे रिपोर्टवर लिहून घ्या.

स्वीप व्हीईपी मिळाली तर उत्तमच. सुमारे १० सेकंदांत पट्टे बारीक होत जातात आणि प्रतिसाद कुठे मावळतो त्यावरून नजरेचा अंदाज येतो. हा आकडा घरातल्या वागण्यापेक्षा बरा निघू शकतो, त्यावर एकदम हुरळून जाऊ नका.

तयारी : आदल्या दिवशी शाम्पूने केस धुवा. तेल अजिबात नको, कारण इलेक्ट्रोड आणि त्वचा यांच्यातला विद्युत रोध ५ किलोओहमच्या आत राहायला हवा. मे महिन्यात घामाने आलेखाची रेषा वरखाली सरकते आणि कूलरच्या मोटरमुळे तीत विजेची ५० हर्ट्झची गुणगुण मिसळते. सकाळची वेळ मागा. पॅटर्नसाठी मूल जागं हवं, झोपेचं सिरप चालत नाही. बाहुली मोठी करणारे थेंब नकोत, चष्मा असेल तर लावूनच बसवा. फिटचं औषध बंद करू नका, नाव मात्र सांगा. विगाबॅट्रिन हे फिटचं औषध चालू असेल तर दृष्टिपटलाची ईआरजी (दृष्टिपटलाच्या विद्युत प्रतिसादाची तपासणी) हीही लागेल. नुकतीच फिट येऊन गेली असेल तर तारीख पुढे ढकला.

एका बाजूचंच दिसत नसल्याची शंका असेल तर डावी-उजवीकडे जादा इलेक्ट्रोड लावायला सांगा. मधल्या एकट्या इलेक्ट्रोडवर ते निसटतं. दृष्टीचे व्यायाम मात्र रिपोर्टसाठी थांबवू नका. पुढची तपासणी साधारण सहा महिन्यांनी, त्याच यंत्रावर. वेगवेगळ्या लॅबचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत.