वाचकांचे प्रश्न : थायलंडमध्ये रस्त्यावरचे खाताना

प्रश्न : येत्या ऑक्टोबरमध्ये मी, यजमान, मुलगा आणि सासूबाई असे चौघे आठ दिवसांसाठी बँकॉक आणि चिआंग माईला जाणार आहोत. सासूबाई ६८ वर्षांच्या असून पूर्ण शाकाहारी आहेत आणि चातुर्मासात कांदा-लसूणही खात नाहीत. सहल कंपनीचे म्हणणे असे, की दोन्ही वेळा भारतीय हॉटेलातच जेवावे. सासूबाईंना मात्र तिथल्या बाजारातले काहीतरी चाखून पाहायचे आहे. ते जमेल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : जमेल, आणि इच्छा खुद्द सासूबाईंचीच आहे म्हटल्यावर तुम्ही ते जमवावेच, असे मला मनापासून वाटते. मात्र थायलंडमध्ये शाकाहारी माणसाची अडचण पानात दिसणाऱ्या मांसाच्या तुकड्यांमुळे होत नाही, तर न दिसणाऱ्या गोष्टींमुळे होते. आपण जिथे मीठ घालतो, तिथे तिकडे बहुतेक वेळा ‘नाम प्ला’ पडते. हा खारवलेल्या माशांपासून काढलेला पातळ तांबूस रस असतो. रश्श्याच्या वाटणात ‘कापि’ म्हणजे सुकवून आंबवलेल्या कोलंबीचा गोळा असतो आणि परतलेल्या भाजीवर कालवांचा दाट सॉस ओततात. म्हणून “यात मांस आहे का?” असे विचारले, की विक्रेता अगदी प्रामाणिकपणे “नाही” म्हणतो. माझ्या एका शाकाहारी मैत्रिणीने बँकॉकमध्ये असेच विचारून कच्च्या पपईची कोशिंबीर घेतली होती. निम्मी खाऊन झाल्यावर तळाशी सुकटीचे बारीक तुकडे दिसले आणि तिचा तो सबंध दिवस वाईट गेला. विक्रेतीने तिला फसवले नव्हते. तिच्या लेखी ती चिमूटभर सुकट म्हणजे मसालाच होता.

यावर तिथल्याच परंपरेत एक उत्तम उपाय आहे आणि तो तुमच्या सासूबाईंच्या नेमाशी आश्चर्य वाटावे इतका जुळतो. थायलंडमधील चिनी वंशाच्या लोकांमध्ये ‘जे’ नावाचा आहारनियम पाळतात. त्यात मांस, मासे, अंडी तर वर्ज्य आहेतच, पण कांदा, लसूण आणि कांद्याची पातही वर्ज्य आहे. जिथे असे अन्न मिळते, तिथे पिवळ्या फलकावर किंवा पताकेवर लाल रंगात दोन अक्षरे काढलेली असतात. घाईत पाहिले तर ती इंग्रजी आकड्यांतल्या १७ सारखी भासतात. ही खूण सासूबाईंना आधीच दाखवून ठेवा. शब्दाचा उच्चार ‘जे’ आणि ‘चे’ यांच्या मधला आहे. “किन जे” म्हणजे “मी जे आहार घेते”. एवढे दोन शब्द नीट उच्चारले, तर पुढचे पुष्कळसे समजावणे वाचते. ‘मांगसाविरात’ हा शाकाहारासाठीचा दुसरा शब्दही तुम्हाला ऐकू येईल, परंतु त्यात अंडे चालते, तेव्हा तुमच्यासाठी ‘जे’ हाच शब्द खरा.

चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस हा ‘जे’ आहार मोठ्या प्रमाणावर पाळला जातो. दक्षिणेकडच्या फुकेत बेटावरचा उत्सव त्यासाठी प्रसिद्ध आहे, आणि बँकॉकच्या याओवारात या चिनी वस्तीतही त्या दिवसांत रस्ताभर पिवळ्या पताका लागतात. आपल्या आश्विनाप्रमाणेच तो महिनाही अमावास्येच्या सुमारास सुरू होतो, त्यामुळे अनेकदा हे नऊ दिवस आणि आपले शारदीय नवरात्र एकत्र येतात. २०२३ मध्ये दोन्ही १५ ऑक्टोबरला आणि २०२४ मध्ये दोन्ही ३ ऑक्टोबरला सुरू झाले. मात्र दोन्ही पंचांगांत अधिक महिना वेगवेगळ्या वर्षी येऊ शकतो. २०२५ मध्ये आपले नवरात्र २२ सप्टेंबरलाच बसले आणि त्यांचा उत्सव त्यानंतर जवळजवळ महिन्याने आला. म्हणून तिकिटे काढण्यापूर्वी त्या वर्षीच्या तारखा पाहून घ्या. शक्य असेल तर सहल त्याच दिवसांत बसवा. एक सूचना मात्र आवर्जून करते : ‘जे’ गाड्यांवर सोयाबीन आणि गव्हाच्या सत्त्वापासून केलेले, हुबेहूब बदकासारखे किंवा डुकराच्या मांसासारखे दिसणारे पदार्थ मांडलेले असतात. ते शाकाहारीच असतात, पण सासूबाईंना आधी कल्पना दिली नाही, तर त्या पाहूनच मागे फिरतील.

उत्सवाचे दिवस नसले तरी निराश होण्याचे कारण नाही. सकाळच्या बाजारात ‘खानोम क्रोक’ करणारी बाई शोधा. तिच्यापुढे बिडाचे मोठे आप्पेपात्र असते. होय, अगदी आपल्या स्वयंपाकघरातल्यासारखे, फक्त खळगे पुष्कळ. ती तांदळाच्या पिठाचे पातळ मिश्रण प्रत्येक खळग्यात ओतते, त्यावर नारळाचे घट्ट दूध सोडते आणि झाकण ठेवते. कडा तांबूस होऊन सुटू लागल्या, की चमच्याने एकेक अर्धगोल उचलून दोन अर्धगोल एकमेकांवर ठेवते. बाहेरून कुरकुरीत आणि आत ओलसर, गोडसर-खारट असा तो घास सासूबाईंना परका वाटणार नाही. कांद्याची पात घातलेले खळगे वेगळे ओळखू येतात. ते नकोत म्हणून बोटाने दाखवले तरी पुरते. तळलेली केळी, निखाऱ्यावर भाजलेली केळी आणि ताजे शहाळे यांतही काही अडचण नाही. कापलेल्या पेरूबरोबर तिखट-मीठ-साखरेची पुडी मिळते, तिची चव आपल्याकडच्या शाळेबाहेरच्या पेरूची आठवण करून देईल.

गोड पाहून गाफील मात्र राहू नका. ‘खानोम बुआंग’ या चिमुकल्या कुरकुरीत धिरड्यांवरचा पांढरा फेस बहुधा अंड्याचा असतो. केळ्याच्या ‘रोती’च्या कणकेतही अनेकदा अंडे असते. अंड्याला थाई भाषेत ‘खाय’ म्हणतात, मराठी माणसाला लक्षात ठेवायला सोपा शब्द. “माय साय खाय” म्हणजे “अंडे घालू नका” आणि “माय साय नाम प्ला” म्हणजे “माशाचा रस घालू नका”. ही वाक्ये थाई लिपीत कागदावर छापून घेतलीत तर उत्तम, कारण त्या भाषेत सुरांनी अर्थ बदलतो आणि आपला सूर हमखास चुकतो.

प्रश्न : मी २६ वर्षांचा असून मित्रांबरोबर प्रथमच परदेशी, बँकॉकला जात आहे. सर्व काही खातो, पण पोट बिघडण्याची भीती वाटते. गाडी कशी निवडावी? बर्फ टाळावा का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : गाडीच्या रंगरूपावरून ठरवू नका, तिथली चूल पाहा. पदार्थ तुमच्यासमोर कढईत पडतो आहे, वाफाळत ताटलीत येतो आहे आणि रांगेत आसपासच्या कचेऱ्यांतील माणसे उभी आहेत, एवढे दिसले की पुष्कळ झाले. गर्दी असली की माल साठून राहत नाही, हे तिचे खरे महत्त्व. भातावर रस्सा-भाजी वाढणाऱ्या ‘खाव कॅंग’ दुकानांत पदार्थ सकाळीच शिजवून परातींत मांडलेले असतात. तिथे दुपारी बाराच्या आत जावे. चार वाजता त्याच परातींकडे वळू नये. पॅड थाई म्हणजे तिकडच्या परतलेल्या नूडल्सबरोबर बाजूला कच्चे मोड आणि पाला देतात, तो पहिले दोन-तीन दिवस तसाच राहू द्यावा.

बर्फाविषयी आपल्या मनात जी भीती असते, ती तिथे सरसकट लागू होत नाही. मधोमध भोक असलेले नळकांड्यासारखे तुकडे कारखान्यात पिण्याच्या पाण्यापासून तयार होऊन येतात आणि ते मी नेहमी घेते. मोठी लादी फोडून केलेला चुरा मात्र टाळते. पाणी बाटलीबंदच प्यावे.

एका बाबतीत मी तडजोड करणार नाही. ईशान्य थायलंडच्या पद्धतीचे, गोड्या पाण्यातील कच्च्या माशांचे पदार्थ बँकॉकमध्येही मिळतात. मित्रांनी कितीही आग्रह केला तरी ते खाऊ नका. त्या माशांतून यकृतात शिरणारा कृमी वर्षानुवर्षे तिथेच राहतो आणि त्यातून पित्तनलिकेचा कर्करोग होऊ शकतो. पपईच्या कोशिंबिरीत घालतात तो कच्चा खारवलेला खेकडाही नकोच.

इतके करूनही जुलाब झाले, तर जलसंजीवनीची पुडी सोबत असू द्या. ती नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घोट घोट पीत राहा. ताप असेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर जुलाब थांबवणारी गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

प्रश्न : आमच्या नऊ वर्षांच्या मुलीला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी आहे. बाजारात काय टाळावे? – एक पालक, पुणे

उत्तर : पॅड थाई, पपईची कोशिंबीर, साते (काडीला टोचून भाजलेले मांस) आणि मासामान रस्सा या चारही पदार्थांत शेंगदाणा असतो. पण नावे टाळून भागणार नाही. तीच कढई, तोच झारा आणि तेच उखळ प्रत्येक पदार्थाला वापरले जाते आणि दोन गिऱ्हाइकांमध्ये ते घासले जाईलच असे नाही. म्हणून गाडीवरचे शिजवलेले अन्न मुलीला देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. न सोललेली केळी, संत्री आणि तुमच्यासमोर फोडलेले शहाळे एवढ्यावर तिचा बाजारातला आनंद भागवा. “फॅ थुआ लिसोंग” म्हणजे “शेंगदाण्याची ॲलर्जी आहे” हे थाई लिपीत लिहिलेले कार्ड आणि डॉक्टरांनी दिलेले तातडीचे इंजेक्शन हॉटेलात न ठेवता अंगावरच्या पिशवीत ठेवा.

प्रश्न : वडील आयुष्यभर हाताने जेवत आले आहेत. तिथे लोक नावे ठेवतील का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मुळीच नाही. थाई लोक भात चमच्याने खातात, काट्याने तो फक्त चमच्यावर लोटतात, आणि चॉपस्टिक बहुतेक नूडल्सपुरत्याच वापरतात. पण उत्तरेत आणि ईशान्येत चिकट भात हाच रोजचा भात असून तो हातानेच खातात. विणलेल्या बांबूच्या झाकणाच्या टोपलीत तो गरम येतो. त्यातला लहानसा गोळा घेऊन बोटांनी दाबायचा आणि रश्श्यात किंवा चटणीत टेकवून तोंडात टाकायचा. वडिलांना उत्तरेतल्या चिआंग माईला नेत असाल, तर पहिले जेवण याच भाताचे करा आणि मांडी घालून बसण्याची सोय असलेली जागा निवडा. गाडीशेजारी नळ क्वचितच असतो, तेव्हा हात धुण्यापुरती पाण्याची बाटली आणि पंचा सोबत असू द्या.