स्टेशनचं विचारा: शाहू टर्मिनसची प्रश्नोत्तरे

आरक्षण खिडकीच्या आत उभं आयुष्य गेलं. निवृत्तीनंतरही तेच प्रश्न येतात, फक्त आता खिडकीऐवजी भाजी मंडईत. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

मुलानं मोबाइलवर तिकीट काढलं. त्यावर कोल्हापूर नाहीच, ‘शाहू महाराज टर्मिनस’ आहे. चुकून मुंबईचं तर नाही? (कसबा बावडा)

नाही. मुंबईचं ते शिवाजी महाराज टर्मिनस, आपलं शाहू महाराज टर्मिनस. कंसात ‘केओपी’ दिसलं की कोल्हापूर. ‘सीएसएमटी’ म्हणजे मुंबई.

आता चार महिने आधी तिकीट का निघत नाही? (उचगाव)

१ नोव्हेंबर २०२४ पासून मुदत साठ दिवसांची झाली म्हणून.

शाळेच्या प्रकल्पासाठी: आपली रेल्वे ब्रिटिशांनी आणली की शाहू महाराजांनी? (शाहूपुरी)

कोल्हापूर-मिरज मार्ग संस्थानाचा होता, गाड्या सदर्न मराठा रेल्वे कंपनी चालवायची. पहिली कुदळ महाराजांच्या हस्ते मे १८८८ मध्ये पडली. तेव्हा त्यांचं वय चौदासुद्धा पूर्ण नव्हतं. गाडी धावली १८९१ मध्ये आणि राज्याधिकार मिळाले १८९४ मध्ये. त्यामुळे ‘महाराजांनी कारभार हाती घेताच रेल्वे आणली’ असा जो फॉरवर्ड फिरतो, त्याचं गणित जमत नाही. महाराजांचं मोठेपण रेल्वे वापरून घेण्यात आहे. स्टेशनला लागून शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली, गुळाला बाजार दिला. पुढे १९१७ मध्ये याच मार्गावर वडिलांच्या नावानं जयसिंगपूर उभं केलं. प्रकल्पात वळिवडे स्टेशनही घाला, दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे हजारो निर्वासित त्याच्याजवळच्या छावणीत राहिले. बाकी गुरुजींना विचारा, आणि पुराभिलेखागारात एक चक्कर मारा.

गल्लीतल्या एकानं मुंबईच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसचं तिकीट काढून दिलं. वेटिंग १४ आहे. तो म्हणतो, ‘चढा बिनधास्त, टीसी बघून घेईल.’ जाऊ का? (राजारामपुरी)

जाऊ नका. आणि आता थोडं ऐकून घ्या, कारण या एका प्रश्नानं माझं डोकं पिकलंय.

ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट लागल्यावरही पूर्ण वेटिंगच राहिलं तर आपोआप रद्द होतं. तो कागद घेऊन चढलात तर तुम्ही विनातिकीट. टीसी काय ‘बघून घेणार’? दंड बघून घेईल. आता खरी मेख. रद्द तिकिटाचे पैसे ज्या खात्यातून भरले त्याच खात्यात परत जातात, म्हणजे त्या गल्लीतल्या माणसाच्या. तुम्हाला तो सांगतो, ‘वेटिंगचे पैसे बुडतात ओ.’ बुडत नाहीत! थोडी कपात होते, बाकीचे त्याच्या खिशात.

माझ्या खिडकीवर एक मावशी आल्या होत्या. रुमालाच्या गाठीत तिकिटाची घडी, घामानं अक्षरं पुसट झालेली. लेकीच्या बाळंतपणाला निघाल्या होत्या. तिकीट दोन दिवसांपूर्वीच रद्द केलेलं! देणाऱ्याचा फोन बंद. मी काय करणार? जनरलचं तिकीट काढायला सांगितलं.

अधिकृत एजंटाच्या तिकिटावर एजन्सीचं नाव आणि सेवाशुल्क छापलेलं असतं, ते वाचून बघा. स्वतःच्या वैयक्तिक खात्यावरून तिकिटं काढून विकणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४३ खाली गुन्हा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘तत्काळ पहिल्या मिनिटाला काढून देतो’ ही दुसरी थाप. तत्काळ एसीसाठी आदल्या दिवशी सकाळी दहाला आणि बाकीच्यांसाठी अकराला उघडतं, आणि जुलै २०२५ पासून पहिली तीस मिनिटं अधिकृत एजंटालाही बंदी आहे. मग हा पहिल्या मिनिटाला कुणाच्या नावावर काढतो?

एकाच पीएनआरवर काही नावं कन्फर्म आणि काही वेटिंग असतील तर प्रकरण वेगळं. तिथं माझं ऐकू नका, रेल्वे चौकशीच्या १३९ ला फोन करा किंवा चौकशी खिडकीवर तिकीट दाखवा.

पावसात गाडी मिरजेलाच का संपवतात? (रुकडी)

रुकडीत राहून हे विचारता? पंचगंगा चढली की तुमच्याजवळच्या रेल्वे पुलाचा प्रश्न येतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात वाहतूक बंदच ठेवावी लागली. जुलै-ऑगस्टात घरातून निघण्याआधी १३९ ला विचारा, शेजाऱ्याच्या स्टेटसला नको. आणि स्टेशनजवळच्या परीख पुलाखाली पाणी असेल तर तासभर आधी निघा.

वैभववाडी रेल्वे होणार म्हणून ‘नियोजित स्टेशनलगत’ प्लॉट मिळतोय. घ्यावा का? (गगनबावडा)

सुमारे १०७ किलोमीटरच्या या कोल्हापूर-वैभववाडी मार्गाला २०१६-१७ च्या अर्थसंकल्पात मंजुरी मिळाली. तेव्हापासून रुळांपेक्षा जाहिरातीच जास्त पडल्यात. प्लॉटवाल्याचा रंगीत नकाशा हा काही रेल्वेचा नकाशा नव्हे. सातबारा घ्या, तलाठ्याकडे भूसंपादनाची नोंद तपासा, वकिलाला दाखवा, मगच विसाराचा विषय. वैभववाडीला नुसतं जायचंच असेल, तर स्टेशनपासून चालत मध्यवर्ती बसस्थानक गाठा, एसटी मिळते.