यादीची वाट पाहू नकोस

बाळ,

जय ख्रिस्त. रविवारी उपासना सुटल्यावर पायरीवर तू जे बोललीस ते चार दिवस डोक्यातून जात नाही. "मावशी, दोन वर्षं प्रार्थना करतेय, पण माझं पाचारण काय, देवाने मला कशासाठी बोलावलंय, तेच कळत नाही. देव दार उघडेल तेव्हा जाईन." मी नुसतं हूं म्हटलं. पाळकसाहेब शेजारीच उभे होते आणि माझी जीभ मला माहीत आहे. म्हणून आता लिहिते.

प्रार्थना कर, वचन वाच, हे तुला सांगायला मी कशाला हवी? तुझं अडलंय दुसरीकडेच. तुला कोणीतरी नेमावं असं वाटतंय. पुढे बोलावून डोक्यावर हात ठेवावा, नाव वाचून दाखवावं. ते होईल तेव्हा होईल. तू शोधायला जा.

बायबलमधला उत्पत्तीचा चोविसावा अध्याय परत काढ. आपल्याकडे तो लग्नातच वाचतात, त्यामुळे सगळं लक्ष अब्राहामाच्या मुलाच्या, इसहाकाच्या स्थळाकडे. तू पाणी बघ. स्थळ शोधायला आलेल्या अब्राहामाच्या सेवकाने पाणी भरायला आलेल्या रिबकेकडे मागितलं किती? घोटभर, स्वतःपुरतं. उंटांचं तो बोललाच नव्हता. तीच म्हणाली, तुमच्या उंटांनाही पाजते. उंट दहा. पुरता तहानलेला उंट एका वेळी शंभरएक लिटर पितो. निम्मं धर, तरी पाचशे लिटर झालं, तेही खांद्यावरच्या घागरीने, झऱ्यावर उतरून वर येत. आणि ती धावत होती असं लिहिलंय. तिला पाचारण वगैरे काही कळलेलं नव्हतं. समोर तहानलेली जनावरं दिसली, एवढंच.

पंडिता रमाबाईंचंही तेच. 1896-97च्या दुष्काळात त्या स्वतः उठून मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. पुढे त्याच मुलींनी केडगावचं मुक्ती सदन भरलं (आपल्या नगरजवळचं केडगाव नव्हे, दौंडकडचं). पुण्यात विधवांसाठीच्या शारदा सदनाचा व्याप असताना हे आणखी अंगावर घ्या, असं कुठल्या मिशनने त्यांना फर्मावलं नव्हतं. दुष्काळात आईवडील गमावलेली बाई ती. तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

आता माझं ऐक. मी मोठी शहाणी म्हणून लिहीत नाही.

आपल्या मंडळीत एक म्हाताऱ्या बाई होत्या. डावीकडे तिसऱ्या बाकावर, खांबाला टेकून बसायच्या. ईस्टरआधीच्या उपवासकाळानंतर त्या दिसेनाशा झाल्या. पहिल्याच रविवारी माझ्या लक्षात आलं. पण भेटींची यादी भगिनी मंडळ करायचं आणि त्यांचं नाव दुसऱ्या गटात होतं. म्हटलं, यादीत येईल तेव्हा जाऊ. आलं अडीच महिन्यांनी. गेले तर बाईंनी चाचपडत कडी काढली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले. उपासना संगीत या गीतांच्या पुस्तकातलं अक्षर दिसत नाही, पायऱ्या दिसत नाहीत, आणि कोणाला सांगायची लाज. मी नको नको म्हणत असताना त्यांनी चहा ठेवला. साखर समजून मीठ घातलं. मी तो प्याले. मग त्यांनी विचारलं, "तुला भगिनी मंडळाने पाठवलं का गं?" मी हो म्हणाले. खरंच होतं ते, आणि सांगताना मला बरंही वाटलं होतं.

त्यांचा चेहरा मात्र उतरला. "बरं बरं," म्हणाल्या, "मंडळाला सलाम सांग."

डोळ्यांचं ऑपरेशन नंतर झालं, वॉर्डात नर्स मीच होते. पण तो "बरं बरं" काही पुसला गेला नाही. मी अडीच महिने रोज रुग्णांचं ताप-बीपी लिहीत होते, आणि माझ्या बाकापासून दहा हातांवर बसणारी बाई आंधळी होत होती.

त्यानंतर मी यादी पाहणं सोडलं. ड्यूटी संपली की ज्याचं कोणी येत नाही त्याची नखं काढायची, कोणाचं पेन्शनचं कागदपत्र भरून द्यायचं, शेजारच्या गल्लीतल्या बाळंतिणीला दोन तास झोपू द्यायचं. त्यात उपासनेसारखं काही दिसत नाही, पण शोधायला गेलं की हेच सापडतं. मंडळीच्या कारभारातल्या एका वडिलांनी मला तोंडावर लुडबुडी म्हटलं. मी चिटणीसपद सोडून दिलं, आणि मला त्याचं आजही काही वाटत नाही. मुलगा अजून म्हणतो, माझ्या दहावीला आई लोकांच्या घरी होती. त्याचा डबा मी एक दिवस चुकवलेला नाही. रात्रपाळी करून आल्यावरसुद्धा. पण तो म्हणतो त्यात काही नाहीच, असंही मला म्हणता येत नाही. तू घर सांभाळून कर. माझ्याकडून ते जमलं तेवढंच जमलं.

पण दाराचं कारण मला परत सांगू नकोस. दोन वर्षं फार झाली. तुझ्या पुढच्या-मागच्या बाकांवर नजर टाक. एक जागा तीन रविवार रिकामी आहे. कोणाची ते मला ठाऊक आहे, घरही ठाऊक आहे. सांगणार नाही. सांगितलं तर मीच तुला यादी दिल्यासारखं होईल. शोध आणि जा.

आणि चहा दिला तर प्यायचा, कसाही असो.

तुझी,
मावशी