अकरा तासांचं पुस्तक पाठवायचं कसं?

प्रश्न : ताई, मी इचलकरंजीत घरीच, कपाटाला गोधड्या लावून, ऑडिओबुकं रेकॉर्ड करते. नुकतंच मुंबईच्या एका प्रकाशकाचं ११ तासांचं, २४ प्रकरणांचं पुस्तक संपवलं. त्यांना ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो (एकाच वाहिनीच्या) वेव्ह, म्हणजे आवाज न दाबता साठवलेल्या, फाइली हव्यात. पहिली दोन प्रकरणं फोनवरच्या एका अ‍ॅपने लहान करून व्हॉट्सअ‍ॅपवर धाडली, तर म्हणाले, "आवाज डब्यातून आल्यासारखा येतोय." मग गूगल ड्राइव्हची लिंक दिली, ती त्यांच्याकडे उघडेना. आता पेन ड्राइव्ह कुरियर करू, की महिन्याचे पैसे भरून एखादी सेवा घेऊ?
— एक वाचिका, इचलकरंजी

उत्तर : पैसे भरायची घाई नको. आधी हिशोब करू. तुमच्या मापाची मोनो वेव्ह मिनिटाला साधारण ८.६ एमबी खाते, म्हणजे तासाला ५२० एमबीच्या आसपास. ११ तासांचे झाले ५.७ जीबी. जीमेलला जोडायची मर्यादा २५ एमबी, त्यामुळे तो रस्ता बंद. झिप करूनही फारसं काही वाचत नाही. वेव्ह झिपने जेमतेमच आकसते.

डब्यातल्या आवाजाचा दोष व्हॉट्सअ‍ॅपला देऊ नका. तो तुमच्या त्या 'लहान करणाऱ्या' अ‍ॅपचा. फाइल लहान करायला एकदा एमपी३ केली की गेलेला आवाज पुन्हा वेव्ह करून परत येत नाही, म्हणून ती दोन प्रकरणं मूळ रेकॉर्डिंगमधूनच नव्याने काढा. व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून जोडलेली फाइल २ जीबीपर्यंत जशीच्या तशी जाते. तरी मी तिथून काम देत नाही. फाइल पोचते संपादकाच्या फोनमध्ये, त्याला ती हवी असते संगणकावर, आणि चार दिवसांनी ती शुभ सकाळच्या फुलांखाली गाडली जाते.

ड्राइव्हच घ्या. लिंक उघडली नाही याचं कारण बहुधा एवढंच, की परवानगी 'लिंक असलेल्या कोणालाही' अशी दिली नव्हती. ती द्या, पण फक्त बघण्यापुरती. मग त्याच ब्राउझरमध्ये खासगी खिडकी उघडून, लॉगिन न करता, स्वतः लिंक दाबून बघा. माझा हा नेम आहे. ग्राहकाच्या आधी त्याच्या दारातून मी एकदा आत जाऊन येते.

फुकटातले १५ जीबी मात्र जीमेल, फोटो आणि ड्राइव्ह मिळून असतात. भाच्याच्या बारशाचे व्हिडिओ त्यातच. खातं तुडुंब भरलं की मेल यायचेही थांबतात, आणि ग्राहकाचं 'मिळालं' हे उत्तरच तुमच्यापर्यंत येत नाही. कामासाठी वेगळं खातं काढा. पैसे लागतील ते दुसरं-तिसरं पुस्तक हातात आल्यावर.

आठवड्यात विरून जाणाऱ्या लिंकांच्या सेवांबद्दल माझं मन जरा कडूच आहे. एका जाहिरातीचं काम अशा लिंकवर पाठवलं, ग्राहक गणपतीला गावी गेला, परत येईपर्यंत लिंक मेलेली. मी मधल्या काळात डिस्क रिकामी करायला ते सेशन, म्हणजे त्या कामाची मूळ मिक्सिंगची फाइल, उडवलं होतं. दीड दिवस पुन्हा मिक्स करत बसले, फुकट. तेव्हापासून मेलमध्येच लिहिते : लिंक अमुक तारखेपर्यंत चालू राहील, मूळ रेकॉर्डिंग सहा महिने माझ्याकडे दोन ठिकाणी राहील.

प्रकरणागणिक वेगळी फाइल ठेवा. एका प्रकरणाची होते २४० एमबीच्या आसपास, आणि एखादा उच्चार चुकला तर तेवढीच बदलता येते. नावं रोमन लिपीत. देवनागरी नावं एखाद्या जुन्या संगणकावर झिप सोडताना चौकोन होऊन बसतात. आकडे ०१, ०२ असे दोन अंकी लिहा, नाहीतर १ नंतर १० येतो आणि संपादक म्हणतो, दुसरं प्रकरण कुठंय? सोबत एका साध्या मजकूर-फाइलीत प्रत्येक प्रकरणाची मिनिटं-सेकंद लिहा. फोल्डर उतरवताना ड्राइव्ह कधीकधी दोन-तीन झिप करून देतं आणि एक उतरवायची राहून जाते. ती यादी असली की त्यांना लगेच कळतं.

चढवायला वेळ किती? जोडणीचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि फाइल मोजतात मेगाबाइटमध्ये, म्हणून वेगाला आठाने भागा. २० मेगाबिटच्या 'अपलोड'ला ५.७ जीबी चढायला ४० मिनिटं, ५ मेगाबिटला अडीच तास. जाहिरातीतला आकडा बहुधा 'डाउनलोड'चा असतो, हे विसरू नका. वेळ फारच लागत असेल तर फ्लॅक या फाइलच्या प्रकाराबद्दल विचारा : आवाजाचा कणही न गमावता फाइल बरीच लहान होते, अनेकदा निम्म्याच्या आसपास येते. पण समोरच्या सॉफ्टवेअरला चालतं का, हे आधी विचारूनच.

पेन ड्राइव्ह म्हणाल तर मी एकेकाळी हार्ड डिस्क ओढणीत गुंडाळून डेक्कन क्वीनने दादरला पोचवलेली बाई आहे. सिनेमाचे शेकडो ट्रॅक असतील तर आजही तेच करीन. ५.७ जीबीसाठी कुरियरच्या पोऱ्यावर जीव टांगायची गरज नाही.

आणि हो, एखाद्या ग्राहकाबरोबर पहिल्यांदाच काम करत असाल तर मंजुरीसाठी १२८ केबीपीएसची एमपी३ आधी द्या. तासाला ५८ एमबी, फोनवरही ऐकता येते. वेव्हची लिंक मी अशा नव्या ग्राहकाला बिल चुकतं झाल्यावर देते, आणि हे काम हाती घेतानाच सांगून ठेवते. तुमचं बिल गेलंय ना?