‘नशिबात होतं’ हे उत्तर न मानणारा मुलगा

समुपदेशक म्हणून आईवडिलांकडून मला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न एकच आहे. लेकरू ऐकत नाही, रीत मोडते, मोठ्यांना उलट बोलते. याच्या डोक्यात काही बिघाड आहे का, की आमचेच वळण लावायचे राहिले? गेल्या वर्षी श्रावणात हाच प्रश्न घेऊन बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील एक ऊसतोड कामगार अंबाजोगाईला माझ्याकडे आले. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.

“मॅडम, पोरगं हाताबाहेर गेलंय,” एवढे बोलून ते बराच वेळ गप्प बसले. मग एकेक अपराध सांगू लागले. मुलगा वीस वर्षांचा, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. त्याने मुकादमाला, म्हणजे मजुरांची टोळी नेणाऱ्या ठेकेदाराला, चारचौघांत ‘उचलीचा (आगाऊ दिलेल्या पैशांचा) हिशोब कागदावर लिहून दाखवा’ असे सुनावले. हंगामाच्या आधी ठरलेली सोयरीक मोडली. आजीने दंडाला बांधलेला गंडा तोडून टाकला, आणि नागपंचमीच्या दिवशी आई वारुळाला निघाली असता तिच्या हातातील पूजेचे ताट हिसकावून अंगणात फेकले. बाकीचे सगळे गाव एकवेळ विसरेल, पण देवाचे ताट फेकणारे पोर शहाणे कसे म्हणायचे, असे त्यांचे म्हणणे होते.

सोयरीक मोडण्यामागचे कारण मुलाने पुढे मला फार नेमके सांगितले. ऊसतोडीत नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता आणि एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. उचल कोयत्यावर मिळते, म्हणून पुष्कळ घरांत हंगाम सुरू होण्याआधी मुलांची लग्ने घाईने उरकली जातात. “मला लग्नच नको असं नाही,” तो म्हणाला, “अर्धा कोयता पुरा करायला नको.” या वाक्यात मला बिघाड कुठेच दिसला नाही. मात्र हे वाक्य त्याने वडिलांना कधीच ऐकवले नव्हते. घरी तो फक्त ‘नाही’ म्हणत असे, आणि त्या ‘नाही’मागे तो काय सांभाळू पाहत होता हे कोणी विचारलेही नव्हते.

वडिलांना मी आधी एवढेच समजावले की दडपणाने बंड विझत नाही. जॅक ब्रेम या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1966 साली मांडले होते की आपले म्हणून धरलेले स्वातंत्र्य कोणी काढून घेऊ लागले की ते परत मिळवण्याची ओढ माणसाच्या मनात उसळते, आणि धाक जितका वाढेल तितकी ही ओढही वाढते. त्यांना हे पटले, कारण गंडा तुटला तो आजीने तिसऱ्यांदा सक्तीने बांधल्यानंतर. परंतु त्यांचा खरा प्रश्न वेगळा होता. “माझ्या बापानं बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली, सुकडी खाऊन दिवस काढले, कधी तोंड उघडलं नाही. याला तर आम्ही उपाशी ठेवलं नाही, शिकवलं. शिकवलं म्हणून बिघडला का?”

हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण बंड सर्वांत मोठ्या दुःखातून उठते हा आपला समज बरोबर नाही. जेम्स डेव्हिस या राज्यशास्त्रज्ञाने 1962 साली असे मांडले की उठाव बहुधा सततच्या दैन्यात होत नाहीत. काही काळ दिवस सुधारत गेले, अपेक्षा वाढल्या आणि मग ती वाट एकाएकी अडली, की माणसे उठतात. आजोबांच्या खडीवर सारे गावच खडी फोडत होते आणि आभाळाकडे हिशोब मागता येत नव्हता. नातवाला मात्र महाविद्यालयात तुलना करायला माप मिळाले, आणि त्याच वेळी घरून ‘यंदा फडावर चल’ असा निरोप आला. शिक्षणाने तो बिघडला नाही. जे आजवर अटळ वाटत होते ते माणसांनी ठरवलेले आहे, हे त्याला शिक्षणामुळे दिसू लागले.

मी वडिलांना विचारले की त्यांनी स्वतः कधी कोणाला ‘नाही’ म्हटले होते का. थोडे आठवून ते म्हणाले, “संपात होतो की. कोयता बंद केला होता आम्ही दरवाढीसाठी.” तेव्हा तुम्हाला कोणी वेडे म्हणाले का, या प्रश्नावर ते पहिल्यांदा हसले: “आम्ही सगळेच होतो ना.” हजार जण मिळून ‘नाही’ म्हणाले तर आपण त्याला चळवळ म्हणतो, आणि तेच एकटे पोर घरात म्हणाले तर त्याचे डोके फिरले असे म्हणतो. मराठवाड्यात तरी हे विसरता कामा नये. 1938 साली औरंगाबाद आणि हैदराबादच्या ज्या विद्यार्थ्यांनी निजामी राजवटीत वंदे मातरम् म्हणण्याचा हट्ट सोडला नाही, त्यांना वसतिगृहातून आणि शिक्षणातून काढले गेले, आणि पुढे त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. दर 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, आपण त्या पिढीला वंदन करतो. पण त्यांच्या आईवडिलांनीही त्या वेळी ‘पोराने वाटोळे केले’ असेच म्हटले नसेल कशावरून?

तरीही पूजेचे ताट मला उलगडत नव्हते. मुकादमाविरुद्धचा राग समजतो, घाईच्या लग्नाविरुद्धचा समजतो. आईच्या हातातील दूध आणि लाह्यांवर राग कशाचा? तिसऱ्या भेटीत मी मुलाला थेट विचारले. तो नऊ वर्षांचा असताना कारखान्याच्या जवळ, उसाच्या फडालगत त्यांची कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी, होती आणि सगळे जमिनीवर झोपत. एका पहाटे पाच वर्षांची धाकटी बहीण पोट दुखते म्हणून उठली, तिच्या पापण्या मिटू लागल्या, बोलणे जड झाले. अंगावर सूज नव्हती, जखम दिसत नव्हती, म्हणून बाहेरचे काही असेल असे समजून अंगारा लावला गेला. ऊन वर येईपर्यंत ती गेली. घरात तेव्हापासून या विषयावर एकच वाक्य बोलले जाई: नशिबात होतं.

महाविद्यालयात सर्पदंशावर एक व्याख्यान झाले. मण्यार हा साप रात्री हिंडतो, जमिनीवर झोपलेल्यांना चावतो, त्याच्या दंशाच्या जागी वेदना आणि सूज फारशी नसते, पोटात दुखून पापण्या पडू लागतात, आणि वेळेत प्रतिविष व श्वासाला आधार मिळाला तर माणूस वाचू शकतो, हे सगळे त्याने त्या सभागृहात बसून ऐकले. “माझं नशीब त्या दिवशी संपलं, मॅडम,” तो म्हणाला. त्यानंतर त्याला घरातील प्रत्येक गंडा, प्रत्येक नवस, प्रत्येक नागपंचमी बहिणीच्या विरुद्ध साक्ष देणारी वाटू लागली होती.

अशा वेळी समुपदेशकाने आडून विचारू नये. मरणाचे विचार मनात येतात का, असे मी त्याला स्पष्ट शब्दांत विचारले. उन्हाळ्यात दोनदा आले होते, असे त्याने सांगितले. म्हणून मनोविकारतज्ज्ञांची भेट ठरवली, आणि अपरात्री कोणाशी बोलावेसे वाटले तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक त्याच्याकडून वहीत लिहून घेतला. बंड करणारा प्रत्येक मुलगा आजारी नसतो. पण झोप उडाली, खाणे सुटले, मरणाची भाषा आली, तर ते बंड समजून सोडून देणे धोक्याचे आहे.

उरलेले काम त्याचा राग वेगळा करण्याचे होते. त्यातील एका भागाला पत्ता होता: अंधारी कोपी, दूरचा दवाखाना, तोंडी हिशोब, जोडीवर मोजले जाणारे माणूस. तिथे राग पोहोचवता येतो, भांडता येते, काही बदलवताही येते. दुसऱ्या भागाला पत्ताच नव्हता. साप, ती रात्र, पाच वर्षांचे आयुष्य यांना जाब कोणी द्यायचा? आपल्या मर्त्यपणाविरुद्ध उठलेला हा राग फार जुना आहे आणि तो खोटाही नाही. पण त्याला जागा मिळाली नाही की तो सर्वांत जवळच्या माणसाच्या अंगणात जाऊन पडतो. या घरात तो वडिलांवर पडला होता.

चौथ्या भेटीला दोघे एकत्र बसले. मुलाने मान खाली घालूनच विचारले, “दादा, तुम्ही तिला दवाखान्यात कामून नेलं नाही?” वडिलांनी खिशातील रुमाल काढला, हातात धरून ठेवला. “टॅक्टर मागितलं होतं मी. दोनदा गेलो. मुकादम म्हणला, गाडी भरून खाली झाली की देतो.” अकरा वर्षांत हे त्यांनी बायकोलाही सांगितले नव्हते. मागूनही मिळाले नाही, या नामुष्कीपेक्षा ‘नशिबात होतं’ हे सांगणे त्यांना सोपे गेले होते. मुलगा उठून त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसला.

लग्न पुढे ढकलले गेले. मुलाच्या नावावरची उचल परत करायला शेळ्या विकाव्या लागल्या, त्याबद्दल आई अजून नाराज आहे, आणि आजी त्याच्याशी जेमतेम बोलते. हिशोबाचा कागद मागायला या वेळी वडील सोबत उभे राहिले. कागद मिळाला, पण त्यावर सही मिळाली नाही. दसऱ्यानंतर आईवडील फडावर निघाले तेव्हा ट्रॅक्टरमध्ये मुलाने दोन मच्छरदाण्या आणि बॅटरीचा दिवा ठेवला, मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली कशा खोचायच्या हे आईला दोनदा करून दाखवले, आणि कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्याचा क्रमांक वडिलांच्या मोबाईलमध्ये सर्वांत वर दिसेल असा साठवून दिला.